होली आयलंडला जाताना: आधी भरतीचे कोष्टक, मग तिकीट

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलंड परगण्यात, लिंडिस्फार्न नावाचे एक लहानसे बेट आहे. स्थानिक बोलण्यात त्याला होली आयलंड म्हणतात. मुख्य भूमीवरच्या बील या गावाकडून तेथे जाणारा डांबरी कॉजवे, म्हणजे वाळूवरून नेलेला रस्ता, दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो आणि दोनदा वर येतो. रस्त्यावर फाटक नाही, पहारेकरी नाही. जावे की थांबावे हे ज्याने त्याने ठरवायचे असते, आणि दरवर्षी काही जण ते चुकीचे ठरवून गाडी पाण्यात घालवतात.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि तेथे फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींच्या सहली फसलेल्या पाहिल्या, की चूक बहुधा तयारीच्या क्रमात सापडते. आधी रेल्वेचे स्वस्त तिकीट घेतले जाते, मग खोली, मग जेवणाचा बेत ठरतो, आणि भरतीची वेळ पाहिली जाते ती गाडी बीलच्या वळणावर आल्यावर. हा क्रम नेमका उलटा हवा. पुढील टप्पे त्याच उलट्या क्रमाने मांडले आहेत आणि ते वगळून पुढे जाऊ नये.

टप्पा १: बेट तेच आहे ना, याची खात्री

ही सूचना वाचून हसू येईल, पण ती आवश्यक आहे. होली आयलंड नावाचे आणखी एक बेट वेल्समध्ये अँगलसीला लागून आहे, आणि होली आइल नावाचे एक बेट स्कॉटलंडमध्ये अ‍ॅरनजवळ आहे. नकाशात, खोलीच्या आरक्षणात आणि भरतीच्या कोष्टकात, तिन्ही ठिकाणी ‘लिंडिस्फार्न’ हा शब्द दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. जवळचे रेल्वे स्थानक बेरिक-अपॉन-ट्वीड हे आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’ असला तरी तो उच्चारत नाहीत, त्यामुळे स्थानकावर ‘बर्विक’ची घोषणा ऐकू येण्याची वाट पाहत बसू नये.

टप्पा २: सुरक्षित वेळांचे कोष्टक मिळवणे आणि ते नीट वाचणे

सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. कॉजवे ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा नॉर्थम्बरलंड काउंटी कौन्सिल तारखेनुसार प्रसिद्ध करते. हेच कोष्टक प्रमाण मानावे. दुसऱ्या एखाद्या बंदराची भरतीची वेळ घेऊन स्वतः गणित मांडणे, किंवा मागच्या महिन्यात गेलेल्या मित्राने सांगितलेली वेळ धरणे, हे दोन्ही मार्ग बुडवणारे आहेत.

कोष्टक समजण्यासाठी त्यामागचे साधे तत्त्व माहीत असावे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते. कॉजवे साधारणपणे पूर्ण भरतीच्या दोन तास आधी बंद होतो आणि भरतीनंतर तीन तासांनी मोकळा होतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सकाळी ९ वाजता पूर्ण भरती असेल, तर रस्ता दुपारी १२च्या सुमारास उघडेल. पुढची भरती रात्री ९.२५ला, म्हणून तो संध्याकाळी ७.२५ला पुन्हा पाण्याखाली जाऊ लागेल. म्हणजे हातात जेमतेम साडेसात तास. हे गणित फक्त समजण्यापुरते आहे. प्रवास कोष्टकातल्या आकड्यांवरच करावा.

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळा इशारा. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि मुंबईपासून खाली तो हिशेब बऱ्यापैकी जमतो. उत्तर समुद्राच्या या किनाऱ्यावर तो चालत नाही. तेथे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पूर्ण भरती भर दुपारी बाराला नव्हे, तर त्यानंतर काही तासांनी येते. मात्र तिथीचा दुसरा एक उपयोग आहे. उधाणाच्या दिवसांत रस्ता बहुधा दुपारी बंद असतो आणि सकाळी व संध्याकाळी मोकळा असतो. उलट अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या भरतीच्या दिवसांत, दुपारचा मोठा भाग मोकळा मिळतो. एका दिवसात जाऊन यायचे असेल, तर पंचांग पाहून अष्टमीच्या आगेमागचा शनिवार निवडावा आणि मग कोष्टकावर त्याची खात्री करावी.

कोष्टक वाचताना पुढील चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली चूक घड्याळाची. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. भरतीची काही सर्वसाधारण कोष्टके वर्षभर ग्रीनिच वेळेतच छापलेली असतात. कोष्टकाच्या माथ्यावर कोणती वेळ धरली आहे ते वाचल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये, कारण एका तासाची चूक येथे जीवघेणी ठरते.

दुसरी चूक ओळीची. प्रत्येक तारखेला बहुतेक वेळा रस्ता मोकळा असण्याच्या दोन मुदती असतात, आणि त्यांतली एखादी मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवसात जाते. ती मुदत आदल्या दिवसाची की पुढच्या, हे बोट ठेवून वाचावे.

तिसरी चूक शब्दाच्या अर्थाची. ‘अमुक वाजेपर्यंत सुरक्षित’ याचा अर्थ तोवर रस्त्यावर शिरता येईल असा नाही. तोवर रस्ता पार करून पलीकडे पोहोचलेले असावे, असा आहे.

> सावधान: छापलेल्या वेळा शांत हवामान गृहीत धरून दिलेल्या असतात. जोराचा वारा सुटला किंवा हवेचा दाब खूप कमी झाला, तर पाणी लवकर चढते आणि उशिरा उतरते. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी दोन्ही टोकांची वेळ आणखी आखडावी, किंवा सरळ बेत पुढे ढकलावा.

टप्पा ३: एका ओहोटीत परतायचे, की भरती बेटावर काढायची?

कोष्टक हाती आल्यावर हा निर्णय घ्यायचा, त्याआधी नाही.

पहिल्या पर्यायात रस्ता उघडल्यावर जायचे आणि त्याच मुदतीत परतायचे. यासाठी दिवसा निदान पाच तासांची सलग मुदत हवी. चार तासांत किल्ला, मठाचे अवशेष आणि जेवण असे सगळे बसवू पाहणारे लोक शेवटी घड्याळाकडे पाहत धावतात.

दुसऱ्या पर्यायात सकाळच्या मुदतीच्या अखेरीस आत जायचे, रस्ता बंद असेपर्यंत बेटावर थांबायचे आणि संध्याकाळी रस्ता उघडल्यावर निघायचे. उधाणाच्या दिवसांत हाच पर्याय उरतो. माझे मत विचाराल तर हाच अधिक चांगला, कारण परतीची मुदत उघडणारी असते, मिटणारी नव्हे. अर्धा तास उशीर झाला तरी बिघडत काही नाही. मात्र हे पाच तास उघड्यावर, वाऱ्यात काढायचे आहेत आणि बरोबर लहान मूल किंवा वृद्ध असल्यास बसायची जागा आधी हेरून ठेवावी लागते.

मुक्कामाचा तिसरा पर्याय निवडणाऱ्यांची एक ठराविक फसगत होते. खोली दुपारी चारनंतर मिळेल असे आरक्षणात लिहिलेले असते आणि नेमका त्या दिवशी रस्ता एक ते सहा बंद असतो. बेटावरच्या खोल्या मोजक्या आहेत, त्यामुळे आरक्षण लवकर करावेच, पण ते करताना येण्याच्या आणि जाण्याच्या, दोन्ही दिवसांच्या मुदती शेजारी मांडून ठेवाव्यात.

> तपासणी: या टप्प्याच्या शेवटी एका कागदावर चार वेळा लिहिलेल्या असाव्यात: आत जाण्याची सर्वांत लवकरची, आत जाण्याची सर्वांत उशिराची, बाहेर निघण्याची ठरलेली आणि बाहेर पडण्याची शेवटची. हा कागद गाडीत समोर चिकटवावा. वाळूच्या पट्ट्यावर मोबाइलचे जाळे मिळेलच असे धरू नये.

टप्पा ४: आता तिकीट आणि वाहन

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून एडिनबरोकडे जाणाऱ्या काही गाड्या बेरिकला थांबतात आणि प्रवासाला साधारण पावणेचार तास लागतात. ठराविक गाडीचेच स्वस्त तिकीट घेतले असेल आणि ती गाडी चुकली, तर ते वाया जाते. म्हणून परतीचे तिकीट घेताना रस्ता उघडण्याच्या वेळेत निदान दोन तास मिळवावेत. बेरिकहून बेटावर जाणारी स्थानिक बस आहे, पण तिचे वेळापत्रक भरतीप्रमाणे रोज बदलते आणि ती वर्षभर रोज धावत नाही. आपल्या तारखेची फेरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. गाडीने जाणाऱ्यांसाठी न्यूकॅसलहून ए-१ रस्त्याने सुमारे ९५ किलोमीटरचे अंतर आहे.

गाडी भाड्याची असेल, तर करारात पाण्याने झालेल्या नुकसानीबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. खारे पाणी इंजिनात आणि विजेच्या तारांत शिरल्यावर गाडी सहसा दुरुस्त होत नाही.

सामानात वारा अडवणारे जाकीट उन्हाळ्यातही असावे. जेवणाचा डबा न्यावा, असा माझा आग्रह आहे. बेटावर खाण्याची ठिकाणे आहेत, खेकड्याचे सँडविचही मिळते, पण शाकाहारी माणसाला निवड फार नसते, आणि ती ठिकाणेही भरतीच्या वेळा पाहून उघडझाप करतात. दशम्या आणि चटणी असली की कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. इंधन आधीच भरून घ्यावे.

टप्पा ५: कॉजवे ओलांडणे

ए-१वरून बीलकडे वळल्यावर लंडन–एडिनबरो लोहमार्गाचे फाटक लागते. ते बंद असेल तर काही मिनिटे मोडतात. मुदतीच्या अखेरीस निघालेल्यांना ही काही मिनिटे महागात पडतात, म्हणून ती हिशेबात आधीच धरावीत. दिशा दाखवणाऱ्या मोबाइलला रेल्वेचे फाटक एक वेळ कळेल, भरती कळेलच असे नाही. पाण्याखालच्या रस्त्यावरूनही तो पोहोचण्याची वेळ बिनदिक्कत सांगू शकतो.

किनाऱ्यावर, रस्ता वाळूत उतरण्यापूर्वी, सुरक्षित वेळांचा फलक आहे. येथे गाडी थांबवून, उतरून, आजची तारीख शोधून, आपल्या कागदाशी ताडून पाहावे. दोन्हींत फरक आढळला तर फलक मानावा.

१९५४ साली बांधलेला हा रस्ता पुलासारखा उंच नाही. तो जवळजवळ वाळूच्या पातळीवरच पसरला आहे. सर्वांत सखल भाग मुख्य भूमीकडच्या पुलाजवळ आहे आणि तेथेच खांबांवर उभारलेली, शिडी असलेली पांढरी लाकडी खोली दिसते. ती अडकलेल्या माणसांसाठी आहे. जाताना ती पाहून ठेवावी. पुढे रस्ता वाळूच्या टेकड्यांच्या कडेने वळतो. रस्ता ‘उघडला’ त्या मिनिटाला घाईने शिरू नये; डांबरावर पाण्याची डबकी आणि शेवाळ असते. अर्धा तास थांबून, सावकाश जावे. फोटोसाठी मध्येच गाडी उभी करण्याचा मोह आवरावा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत गेलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटते, आणि त्या ओळखीनेच घात होतो. येथील सपाटी फार विस्तीर्ण आहे. पाणी समोरून लाटांनी चाल करून येत नाही. ते आधी पन्हळींमधून बाजूने आणि पाठीमागून भरते. समोरचा रस्ता कोरडा दिसत असतानाच पुलाजवळचा भाग बुडालेला असू शकतो.

*वाळूतून चालत जायचे असल्यास.* खांबांच्या रांगेने आखलेली सुमारे ५ किलोमीटरची यात्रेकरूंची वाट रस्त्यापासून वेगळी आहे. रस्त्याच्या सुरक्षित वेळा तिला लागू होत नाहीत. पाणी उतरत असतानाच निघावे आणि रस्त्याच्या सुरक्षित मुदतीचा निम्मा भाग संपण्याच्या आत पलीकडे पोहोचावे. चालायला दोन तास धरावेत, चिखलामुळे अधिकही लागतील. परतताना त्याच ओहोटीत पुन्हा वाळूत उतरू नये. या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला समुद्रावरून अचानक दाट धुके येते, ज्याला स्थानिक लोक ‘हार’ म्हणतात; त्यात पुढचा खांबसुद्धा दिसत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने वाट माहीत असलेल्या माणसाबरोबरच जावे.

टप्पा ६: बेटावर काय, कोणत्या क्रमाने

गाडी गावाबाहेरच्या मोठ्या वाहनतळावर, पैसे भरून, लावावी आणि पायी निघावे. सर्वांत लांबचे ठिकाण आधी, गावाजवळचे शेवटी, हा नियम पाळला म्हणजे वेळ संपत आल्यावर माणूस गाडीजवळ असतो. बहुतेक जण याच्या उलट करतात: गावात रेंगाळतात आणि किल्ल्याच्या पायथ्याशी पोहोचल्यावर परतीची वेळ झालेली असते.

म्हणून प्रथम किल्ला. तो नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि मठाचे अवशेष इंग्लिश हेरिटेजकडे; जुन्या वास्तू जपणाऱ्या या दोन वेगळ्या संस्था आहेत. एकाचे सभासदत्व दुसरीकडे चालत नाही. दोन्ही ठिकाणांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा त्या त्याच दिवशीच्या पाहाव्यात. किल्ल्याची चढण दगडी आणि उभी आहे. आत मध्ययुगीन दालने पाहायला मिळतील या अपेक्षेने गेल्यास निराशा होते, कारण सोळाव्या शतकाच्या मध्यात बांधलेल्या या लष्करी किल्ल्याचे विसाव्या शतकाच्या आरंभी एडविन लट्येन्सने एडवर्ड हडसन या मालकासाठी घर करून टाकले. नवी दिल्लीचे राष्ट्रपती भवन ज्याने उभारले तोच हा वास्तुविशारद, हे ध्यानात ठेवून खोल्या पाहिल्या म्हणजे पैसे वसूल होतात. उत्तरेला भिंतींनी बंदिस्त असलेली, उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिलने आखलेली छोटी बाग आणि जवळच्या १८६०च्या दशकातल्या चुन्याच्या भट्ट्या लोक हटकून विसरतात. भट्ट्या पाहायला दहा मिनिटे पुरतात.

त्यानंतर मठ. येथे दोन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. सेंट एडनने इ. स. ६३५मध्ये स्थापलेला आणि ७९३मध्ये व्हायकिंगांनी लुटलेला मठ आता जमिनीवर दिसत नाही. ज्या लाल दगडी कमानींचे, विशेषतः आकाशात एकट्या उरलेल्या इंद्रधनुष्यासारख्या कमानीचे फोटो सगळे काढतात, त्या बाराव्या शतकातल्या नंतरच्या मठाच्या आहेत. दुसरे, सुमारे ७०० सालची प्रसिद्ध लिंडिस्फार्न गॉस्पेल्स ही बायबलमधल्या शुभवर्तमानांची सचित्र पोथी बेटावर नाही, ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि या मठाचा प्रसिद्ध संत सेंट कथबर्ट याची समाधी याच लोहमार्गावरच्या डरहॅम शहराच्या कॅथेड्रलमध्ये आहे. या दोन गोष्टींसाठीच येत असाल, तर सहलीचा मार्ग वेगळा आखावा लागेल.

मठाच्या मागे खडकाळ कडा आहे. तेथून दोन्ही बाजूंची वाळू दिसते, आणि हाताशी दुर्बीण असेल तर वाळूच्या दांड्यांवर पहुडलेले सीलही दिसतात. हिवाळ्यात स्वालबार्डहून आलेले फिकट पोटाचे ब्रेंट हंस याच चिखलात चरतात. किनाऱ्यालगत सेंट कथबर्टच्या नावाची एक चिमुकली बेटुली आहे आणि ती स्वतःच भरतीला तुटते. रस्ता उघडा आहे म्हणजे तिच्याकडची वाटही उघडी असेल, असे मानू नये. पाणी चढू लागले असेल तर खडकांवर उतरूच नये.

> सावधान: वाळूच्या टेकड्यांत पिरी-पिरी नावाची न्यूझीलंडहून आलेली एक वनस्पती पसरली आहे. तिची काटेरी बोंडे आपल्या गोखरूसारखी मोजे, नाड्या आणि कुत्र्याच्या केसांना चिकटतात. बेट सोडण्यापूर्वी ती उपटून कचऱ्याच्या पिशवीत टाकावीत, मुख्य भूमीवर झटकू नयेत. वसंत-उन्हाळ्यात किनाऱ्यावर दोरी बांधून राखलेल्या जागा पक्ष्यांच्या घरट्यांसाठी असतात; दोरी ओलांडू नये.

टप्पा ७: परत निघणे

एका ओहोटीत परतणाऱ्यांनी मुदत संपण्याच्या निदान एक तास आधी गाडी सुरू करावी. वाहनतळावरून सगळे एकाच वेळी निघतात आणि अरुंद रस्त्यावर रांग लागते. निघण्यापूर्वी स्वच्छतागृहाचा वापर गावातच उरकावा. पुढे वाटेत सोय नाही.

उशीर झालाच, तर बेटावरच थांबावे. पुढची गाडी गेली म्हणून आपणही जाऊ, पाणी तर चाकाच्या निम्म्यापर्यंतच आहे, हे दोन विचार मनात आले की गाडी बंद करून किल्ली खिशात टाकावी. सुमारे पाच तासांनी रस्ता पुन्हा उघडतो.

रस्त्याच्या मध्येच पाणी आडवे आले, तर त्यातून गाडी पुढे रेटू नये. मागचा रस्ता कोरडा असेल तर लगेच मागे फिरावे. तोही गेला असेल तर सामानाचा मोह सोडून, सगळ्यांना घेऊन, त्या पांढऱ्या खोलीत चढावे. खोली दूर असेल आणि मध्ये वाहते पाणी असेल, तर त्यात चालत उतरू नये. गाडीच्या टपावर चढून तेथेच थांबावे. ९९९ किंवा ११२ लावून ‘कोस्टगार्ड’ मागावा आणि ‘होली आयलंड कॉजवे’ हे शब्द, माणसांची संख्या आणि लहान मुले असल्यास तेही सांगावे. फोन चालू ठेवावा, बाकीच्यांनी आपले फोन बंद करून बॅटरी राखावी. खोलीत पोहोचलेल्यांनी मदत येईपर्यंत किंवा रस्ता पूर्ण कोरडा होईपर्यंत गाडीकडे परत जाऊ नये.